चौसष्ट वेळा फोन ठेवू नकोस

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. डाव्या गुडघ्याच्या कृपेनं सध्या माझा नमस्कार जेमतेम सहा अंगांचा होतो. उरलेली दोन अंगं जमतील तशी मागाहून पाठवीन.) तुझा रक्तदाब, वहिनीची पाठ आणि गच्चीतल्या कुंडीतली मिरची, तिघांचीही प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. मिरचीचं मुद्दाम विचारतेय, कारण मागच्या पत्रात तिला तू अख्खा परिच्छेद दिला होतास आणि वहिनीला दीड ओळ. इकडे आम्ही दोघं मायलेक ठीक आहोत. माझा उजवा कान होता तसाच आहे, म्हणजे नसल्यासारखाच. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडून दिले, त्याची नोकरीनं दिलेली ही एवढीच आठवण.

तुझं चार पानी पत्र मंगळवारी मिळालं. जन्मभर मी परक्या माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि सख्खा भाऊ मात्र तीन वर्षं फोन न करता पत्रं पाठवतो, यातली गंमत आमच्या पोस्टमनलासुद्धा कळलीय. हल्ली तो तुझं पाकीट देताना 'साहेबांचं आलंय' असं आवाज खाली आणून सांगतो. तीन वर्षांत सत्तावीस पत्रं आली. त्यांत मिरची आहे, पाण्याची टाकी आहे, शेजारच्या मांजरीचं बाळंतपण आहे, पण माझ्या चिरंजीवाचं नाव एकातही नाही. (मोजलीत मी. मोजायची खोड तुला एकट्यालाच आहे असं समजू नकोस, आपण एकाच आईची लेकरं.) तो मात्र पाकीट आलं की न चुकता विचारतो, मामा बरा आहे ना. मी म्हणते, बरा आहे, मिरचीला फुलं आलीत. तो 'हं' म्हणतो आणि कपाटात जाऊन बसतो. कपाटाचं पुढे सांगते.

आता तुझी तक्रार. तुझ्या घरासमोर बायकांची व्यायामशाळा निघाली आहे आणि तिथे सकाळी सातपासून एकच गाणं वाजतं, असं तू लिहितोस. गाणं चार मिनिटं सहा सेकंदांचं आहे (निवृत्तीच्या वेळी मिळालेलं ते सेकंदकाट्याचं घड्याळ शेवटी कामी आलं म्हणायचं), त्यात एक बाई 'फोन ठेवू नकोस, ऐक ना' हे वाक्य चौसष्ट वेळा म्हणते, मागे कसल्याशा भांड्यांचा किणकिणाट आहे, आणि दर थोड्या वेळानं एक आवाज असा चढत जातो की तुझे दात शिवशिवतात. अख्ख्या गाण्यात शहाणा माणूस एकच, असं तुझं मत पडलं. तो सुरुवातीला दोन शब्द बोलून फोन ठेवून देतो आणि पुढे ही बया उगाच चार मिनिटं त्याची विनवणी करत बसते. शेवटी तू लाल शाईनं अधोरेखित करून विचारलंयस की ही निर्लज्ज बाई आहे तरी कोण, आणि तिच्या घरात तिचे कान उपटणारं कोणी मोठं माणूस नाही का.

आहे. एक थोरला भाऊ आहे. वजनमापं खात्यातून निवृत्त झालाय आणि मिरची लावतो.

पाणी पी आणि मग पुढे वाच. ती बाई मी आहे, दादा. तू ओळखलं नाहीस यात तुझा काही दोष नाही. चिरंजीवानं माझा आवाज चिमटीत धरून असा वर ओढलाय की मी बावीस वर्षांची वाटते, आणि खरं सांगते, बाविसाव्या वर्षीही माझा आवाज इतका बरा नव्हता. पण हे गाणं झालं कसं, ते पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुझा राग योग्य पत्त्यावर जाणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चिरंजीवानं तू शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी अकरा महिन्यांत सोडली, हे तुला मी सांगायला नको. बाजारात तराजू तपासायला पाठवलेला निरीक्षक तराजू न तपासता पारड्यांचा आवाज टिपत बसला, हे तुझ्या खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. तुझी मान खाली गेली. माझीही गेली होती, पण मी आई असल्यामुळे मला ती लवकर वर करावी लागली. घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं की आता तो नाचाची गाणी करणार. मला वाटलं, पेटी येईल, ढोलकं येईल, दोन-चार वादक येतील, त्यांचा चहा करावा लागेल. आला फक्त एक कॉम्प्युटर, एक माईक आणि वायरींचं एक भेंडोळं. वाद्यं कुठे आहेत विचारलं, तर घरभर हात फिरवून म्हणाला, ही काय.

तेव्हापासून या घरात कुठली वस्तू स्वतःच्या कामाला मिळेल याचा नेम नाही. ओला टॉवेल बादलीवर आपटायचा, तो टाळीचा आवाज. किल्ल्यांचा जुडगा झटकायचा, ती झांज. मिठाचा डबा हलवायचा, ती खुळखुळ. (तीन दिवस भाजीत मीठ नव्हतं. मला वाटलं, माझी जीभही कानाच्या वाटेनं निघाली.) आणि हे सगळं कपाटात बसून. माझ्या खोलीतल्या मोठ्या कपाटात रजया आणि हिवाळ्याचे कपडे आहेत, त्यांत आवाज घुमत नाही, म्हणे. बाहेर मोठमोठ्या स्टुडिओंत भिंतींना जे लावतात, तेच काम माझा लोकरी कोट फुकटात करतो. एकदा नळदुरुस्तीवाला न्हाणीघरातल्या गळतीचा माग काढत त्या खोलीत आला आणि भिंतीमागचा पाइप बघायला म्हणून त्यानं कपाट उघडलं. आत चिरंजीव कानांवर हेडफोन, मांडीवर बादली, हातात ओला टॉवेल अशा थाटात डोळे मिटून बसलेले. त्या भल्या माणसानं दार अगदी अलगद लावलं, बाहेर आला आणि हळूच विचारलं, “बाई, किती दिवस झाले?” मी म्हटलं, “नोकरी सोडल्यापासून.” त्यानं त्या दिवशी नुसतं बघायला आल्याचे पैसे घेतले नाहीत.

खालच्या मजल्यावर दंतवैद्य आहेत, ते तुला ठाऊक आहे (तुझी अक्कलदाढ त्यांच्याचकडे गेली). ते एक दिवस वर आले. वरून धप् झालं की खुर्चीतला पेशंट दचकतो आणि माझ्या हातात यंत्र असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. मी चिरंजीवाला माफी मागायला खाली पाठवलं. तो दीड तासानं परत आला तो त्यांच्या यंत्राचा आवाज टिपूनच. तह असा ठरला की अकरा ते एक वर धपधप बंद, आणि त्या बदल्यात दात कोरायच्या यंत्राचे तऱ्हेतऱ्हेचे आवाज चिरंजीवाला माफ. तुझे दात शिवशिवतात ते उगाच नाही, दादा. गाण्यात जो आवाज चढत चढत जातो आणि ज्यावर सगळी तरुण मंडळी हात वर करून उड्या मारतात, ते आपल्या दंतवैद्यांचं यंत्र आहे. आता ते पेशंटला विचारतात म्हणे, गाणं ऐकलंय का, आणि पेशंटनं 'आ' वासला की कामाला लागतात.

आणि ज्याला तू भांड्यांचा किणकिणाट म्हणालास, ती भांडी नाहीत. ती तुझी वजनं आहेत. चिरंजीव सहा वर्षांचा असताना तू त्याला कचेरीतल्या तपासणीच्या खोलीत नेलं होतंस, आठवतं? पितळी वजनं ओळीनं मांडून तू त्याला चमच्यानं वाजवायला दिलीस आणि सांगितलंस की खोटं वजन आधी कानाला कळतं, काट्याला मागाहून. त्या संध्याकाळी आमचे सगळे पेले, वाट्या आणि तुझ्या मेव्हण्यांचं टक्कल वाजवून झालं. पुढे बाद झालेला एक संच तू त्याला वाढदिवसाला दिलास. नोकरी सोडली त्या दिवशी त्यानं ओळखपत्र, शिक्का, टोपी सगळं परत केलं, पण तो संच पुसून उशाशी ठेवला. तू त्याला नोकरी लावलीस ती अकरा महिने टिकली, आणि चमचा हातात दिलास तो अजून सुटलेला नाही. मी तुला दोष देत नाही, नुसतं कुठून सुरू झालं ते सांगतेय.

आता माझ्या निर्लज्जपणाकडे येते. या लोकांच्या धंद्यात एक अजब रीत आहे. रिकाम्या खोलीचा आवाजसुद्धा टिपून ठेवायचा. कोणी बोलायचं नाही, काही वाजवायचं नाही, माईक चालू ठेवायचा आणि निघून जायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि गाण्यातली भोकं बुजवायला ती लागते, असं चिरंजीवाचं म्हणणं. (मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरची शांतता आण, आपल्याकडे कुठून असणार.) तर तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तो कपाटात माईक चालू ठेवून, दार उघडं टाकून, वायर आणायला बाहेर गेला. मला सांगून गेला होता की त्या खोलीत पंधरा मिनिटं जाऊ नकोस. पण फोन त्याच खोलीत, कपाटाला लागून, आणि तो वाजला. एक्स्चेंजमधली बाई वाजता फोन सोडून देईल हे तुला तरी पटेल का? मी धावत गेले, कानामुळे नेहमीसारखा स्पीकर लावला, आणि पलीकडे तू होतास. चिरंजीवानं नोकरी सोडल्याचं तुला त्याच सकाळी कचेरीतून कळलं होतं. पुढे काय बोलणं झालं ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. तुझ्या हातून फोन आपटला गेला, आणि लाइन गेलीय हे कळत असूनही मी बराच वेळ त्या यंत्राला 'दादा, फोन ठेवू नकोस, ऐक ना, ऐक' असं सांगत राहिले. जन्मभर लोकांना 'लाइन कट झालीय' सांगणाऱ्या बाईनं असं करावं, हे मला अजूनही लाजिरवाणं वाटतं.

चिरंजीव वायर घेऊन आला, त्यानं टिपलेलं ऐकलं, आणि मला एका शब्दानं बोलला नाही. मी बोलले नाही कारण मला वाटलं त्याला माहीत नाही. असे आम्ही दोघं एका घरात एकमेकांपासून एकच गोष्ट दोन वर्षं लपवत होतो. मग एके दिवशी मी बँकेच्या रांगेत उभी असताना पुढच्या मुलीच्या मोबाईलमधून मीच ओरडले, 'फोन ठेवू नकोस'. खाली धपधप, वर दंतवैद्य, मागे तुझी वजनं, आणि ती मुलगी मान डोलावतेय. मी पासबुक न भरताच घरी आले आणि कपाटाचं दार उघडलं. मला राग आला होता, दादा, हे लपवत नाही. आईचं रडणं विकायला काढलंस का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “आई, मी पुसायलाच बसलो होतो. दर वेळी वाटायचं, पुसायच्या आधी एकदा ऐकू.” ऐकता ऐकता एक दिवस त्याच्या हातून त्याखाली ठोका धरला गेला. त्यानं ते गाणं तीन मित्रांना पाठवलं, त्यांनी तीस जणांना, आणि मग ते कोणाच्याच हातात राहिलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते पुरतं ऐकलं, आणि तुला हसू येईल, पण माझा चांगला पाय ठेका धरायला लागला.

यात आता कंपनी आली आहे. गाणं रीतसर सगळीकडे काढायचं म्हणतात, पुढच्या गाण्यांचंही बोलणं आहे. त्यांच्या कायद्याच्या बाई घरी आल्या होत्या, फार करड्या, तुला आवडतील. त्यांचा नियम असा की गाण्यात ज्याचा ज्याचा आवाज आहे त्यानं लेखी संमती द्यायची, नाहीतर या महिनाअखेरीला गाणं जिथे जिथे आहे तिथून उतरवायचं आणि करार रद्द. मी सही केली. दंतवैद्यांनी यंत्राच्या वतीनं केली. एक सही राहिलीय, ती मिळेल अशी चिरंजीवाला मुळीच आशा नाही. तो म्हणतो, गाणं उतरवू, पण त्या माणसाला विचारायचं नाही, त्याला त्रास द्यायचा नाही. आठ दिवस तो कपाटातसुद्धा गेलेला नाही. घरात इतकी शांतता आहे की टिपून ठेवावी.

तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं. (तुझी परवानगी न घेता. आमच्या घरची रीतच आहे ही.) निर्लज्ज बाईवर तो हसला, भांड्यांच्या किणकिणाटावर थांबला, मग ते चौसष्ट वाचून कॉम्प्युटरपाशी गेला, बोटांवर मोजत बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, “चौसष्टच आहेत. बाकी सगळे साठ म्हणतात.” तेवढं बोलताना त्याचा चेहरा मी आठ दिवसांत पहिल्यांदा बरा पाहिला.

असो. पत्र लांबलं. तुझी बीपीची गोळी सकाळची चुकवू नकोस, वहिनीला नमस्कार सांग, मिरचीला पाणी बेतानं घाल. राग आला असेल तर तो माझ्यावर काढ, मला एकाच कानानं ऐकू येतं, त्यामुळे अर्धाच लागेल.

तुझी धाकटी बहीण
(अर्थात ती निर्लज्ज बाई)

ता. क. सोबत एक छापील कागद जोडला आहे. कंपनीचा आहे. 'गाण्यातील सहभाग' या रकान्यात चिरंजीवानं स्वतःच्या हातानं 'पुरुषाचा आवाज आणि मुख्य ठोका' असं लिहिलं होतं आणि कागद खणात टाकून दिला होता, तो मी काढून घेतला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच, दादा. अख्ख्या गाण्यात तुला जो एकटा शहाणा माणूस सापडला, तो तूच आहेस. तुझा आवाज त्यानं खाली खेचलाय, म्हणून ओळखू आला नाही. सुरुवातीला दोनदा घसा खाकरून 'मी ठेवतो' म्हणतोस तो तू, आणि त्यानंतर तुझा तो जुना जड फोन आपटला त्याचा आवाज म्हणजे गाण्याचा ठोका. चार मिनिटं सहा सेकंद सगळे त्यावरच नाचतात. समोरच्या व्यायामशाळेत दुसऱ्या रांगेत वहिनीही. (तिची पाठ त्यानंच सुधारली. हे मी सांगितलं असं सांगू नकोस.)

ता. क. २. त्या दिवशी 'मी ठेवतो' म्हणायच्या आधी तू आणखी एक वाक्य बोलला होतास, मला आता भाचा नाही असं. ते टिपलं गेलं होतं. गाण्यात ते नाही. मी चिरंजीवाला विचारलं, ते कुठे गेलं. म्हणाला, ठोक्यात बसत नव्हतं.

ता. क. ३. सही करायची नसेल तर करू नकोस, पण नकार पत्रानं कळवू नकोस. नकार तोंडीच द्यावा लागतो, असा कंपनीचा नियम आहे. (नियम मी आत्ता केला.) रविवारी सकाळी दहाला मी गुडघा दाखवायला बाहेर जाणार आहे, फोन तोच उचलेल. माईक बंद ठेवायला सांगितलंय. काय बोलावं ते सुचलं नाही तर नुसता घसा खाकर. तो आवाज तो तीन वर्षं रोज ऐकतोय, पुढचं तो बोलेल.